फाटकाबाहेरच्या दोघी

साथीनंतर शाळा उघडली त्या सकाळी खेळाचे सर फाटकात मुलांचा ताप बघत होते. पालकांनी आत यायचं नाही आणि अंतर ठेवायचं, हे सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता. मुलांची रांग संपली, तरी दोन मैत्रिणी कुंपणापाशी उभ्याच होत्या.

"शाळा उघडा म्हणून ग्रुपवर सगळ्यात मोठा गळा कुणी काढला होता?"

"मीच. आणि आता माझाच पाय निघत नाही."

"लेक तर मागे वळूनही न बघता गेली तुझी."

"जाणारच. घरात काय सुख दिलं मी तिला? भाज्या साबणानं धुतल्या, वर्तमानपत्राला इस्त्री केली. तिच्या बाबांना एक शिंक आली, तर त्यांचं ताट दाराबाहेर ठेवलं."

"ती शिंक मिरचीच्या फोडणीची होती ना?"

"हो, आणि फोडणी मीच घातली होती."

"बरं, आता घरी जाऊन निवांत चहा पी."

"रोज म्हणायचे गं, मला तासभर एकटीला सोडा. आता अख्खी सकाळ एकटी आहे, तर दाराचं कुलूप उघडायची भीती वाटते."

मैत्रिणीनं सरकून जवळ येत तिचा दंड धरला.

"चल, कुलूप मी उघडते. चहा तू कर. फक्त साखर धुऊन घालू नकोस."

अंतर ठेवा म्हणायला सरांनी तोंड उघडलं. मग त्यांनी नुसतं फाटक लावून घेतलं.