तांब्याभर पाणी

— न्हाई वो दादा, च्या न्हाई, पाणीच. साधं पाणी. किती म्हंजी? आता त्येचं काय माप काढून ठेवलंय का कुणी — गिलास हुता, मांजरानं लॅपटॉपवर कलंडवला, झालं. तळापातूर गेलंय? बोर्डावर बी? बघा की नीट, खोललंच हाय तर. पडद्याचं सोडा, पडदा न्हाई लागला तरी चालंल, खरं सांगते, पडदा कुणाला बघायचाय आमच्या घरात — आवाज आला पायजे. तेवढं करा. बटन दाबलं की आतली बाई बोलली पायजे. बाई म्हंजी आवाज वो, स्क्रीन रीडर म्हंत्यात त्याला. पडद्यावर जे लिवलेलं आसंल ते ती वाचून सांगती. आमच्या मालकांना दिसत न्हाई. दोन्ही डोळं गेलेत.

हनुमंत नाव त्यांचं. आमी मांडवगण फराट्याचं. शिक्रापूरला कंपनीत सात वर्सं सीएनसी मशीनवर हुते — जॉबमधी, कापलेल्या लोखंडी तुकड्यात, केसाएवढा फरक पडला तरी बोट फिरवून सांगायचे, सुपरवायझरनं मापाचं गेज लावायच्या आधी. मंग हळूहळू कडंचं दिसंना. ट्रकचा हॉर्न ऐकू यायचा आन् ट्रक कुठनं आला ते कळायचं न्हाई. आमी हसण्यावारी नेलं. व्हय, मी बी हसले. डॉक्टर म्हनले काचबिंदू हाय, नस सुकलीया, उशीर केला. चौतिसावं चालू हुतं. खोली सोडली, गावाकडं आलो. दीड वर्स ते माणूस भिंतीला पाठ लावून बसलं हुतं दादा. मी खुरपायला जाऊन आले तरी तिथंच. वाढलं तर जेवायचे, न्हाई वाढलं तर मागायचे बी न्हाई. मंग कळलं, दौंडला एक संस्था हाय, तिथं अशा लोकांना कॉम्प्युटर शिकवत्यात. मीच नेलं वढत. सोमवार आन् गुरुवार. शिकवणारे सर सोता आंधळं — त्यांनीच ही जुनी मशीन घरी दिली, सवय व्हावी म्हनून. दौंडला का न्हाई नेली दुरुस्तीला? — तेच की. तिकडं कुणीबी सरांच्या कानावर घालंल. म्हनून शिरूर गाठलं.

पहिला महिना इचारू नका. दोन बटनांवर बारीक उंचवटा असतोय, त्यो सापडायला आठवडा. त्यावर बोटं ठेवायची आन् बाकीची मोजत जायाची. दाबलं की बाई अक्षर बोलायची, चुकलं की चुकलेलं बी बोलायची, लाज काढल्यागत. एकदा तीन तास बसून सोताचं पुरं नाव लिवलं आन् कुठलं तरी भलतंच बटन दाबलं गेलं — सगळं पुसलं. रडले वो, लहान पोरावानी. मशीन आपटायला वर उचलली आन् परत हळूच खाली ठेवली, सरांची हाय म्हनून. पर सोडलं न्हाई. आठ महिन्यांत बोटं अशी चालाय लागली — आन् बाईचा स्पीड इतका वाढवला की मला एक शबूद कळंना, नुसती किरकिर. मी म्हनायची, आवो काय बोलती ही? तर हसायचे. दीड-दोन वर्सांनी हसले हुते, दादा. आन् सोमवारी परीक्षा हाय त्यांची, पुण्याला. नोकरीची. फोनवरच्या गिऱ्हाइकाचं ऐकून लिवून घ्यायचं काम. मशीन ज्यानं त्यानं आपली आणायची, आपल्या सवयीची. आज शुक्रवार. आता कळलं का मी दारातनं का हालत न्हाई ते?

काय म्हनला? गिलासभर पाण्यानं एवढं हुत न्हाई?

...न्हाई हुत. मांजर न्हाई आमच्याकडं. तांब्या हुता, आन् त्यो कलंडला न्हाई. मी वतला. थांबा, आधी ऐकून घ्या, मंग हाकला. मंगळवारी गावातल्या सुलक्षणाच्या रानात कांदा खुरपायला निघालते. अर्ध्या वाटंतनं माघारी आले, खुरपं इसरलं म्हनून. दारात आले तर बाई बोलत हुती — हळू. एकेक शबूद सुटा. चुका तपासायच्या आसल्या की ते स्पीड कमी करत्यात. घरात कुणी न्हाई म्हनून कानात घालायचं बी काढून ठेवलेलं. आन् ती म्हनत हुती — "पाव्हणं मल्हारीराव यांस नमस्कार." मल्हारी माझा थोरला भाऊ, तळेगाव ढमढेऱ्याला असतोय. "प्रतिभा एकतीस वर्षांची आहे. मूलबाळ नाही. तिला घेऊन जा. तिचं पुन्हा कुठं बघा. ती आपणहून येणार नाही. मी बोललो असं सांगू नका." प्रतिभा म्हंजी मी. मीच की. त्या आवाजात राग न्हाई, रडू न्हाई, रेशनची यादी वाचावी तसं. आन् हे उठले, डोळं पुसत, भिंतीला हात लावत लावत मोरीकडं गेले त्वांड धुवायला. बाई वाचतच. माणूस उठून गेलं तरी त्याच्या मनातलं तिथं टेबलावर बोलत राह्यलं. पुढं काय हुतं मला ठावं न्हाई. मला ऐकवंना. आठ महिनं मी ह्यांना जीपमधनं हाताला धरून नेलं, ते शिकले, आन् शिकून लिवलं काय, तर — प्रतिभाला घेऊन जा. भरलेला तांब्या तिथंच हुता. वतला. सगळा. बाई "तिला" म्हनली आन् गप झाली.

पदरानं पुसलं, भाइर पळाले, आन् पाय वाजवत परत आत आले. खुरपं इसरलं, म्हनलं. हे मोरीवरनं येऊन बसले, बटनं चाचपली. "प्रतिभा, लाईट गेली का?" — हिची बॅटरी कवाच मेलेली, वायर आसंल तरच चालती. मी म्हनलं, व्हय, गेली. आन् पंखा तर डोक्यावर फिरतोय! गेले आन् मेन स्विच पाडला. दुपारभर दोघं घामानं निथळत बसलो. शेजारी बानूबाईचा टीव्ही चालू. हे म्हनले, त्यांची लाईट हाय की. मी म्हनलं, आपला फेज गेलाय. एका खोट्याला किती टेकू लावायचं, दादा? दुसऱ्या दिशी सकाळी मेन वर केला, करावाच लागला. पंखा फिरला. बाई बोलली न्हाई.

तवा त्यांनी काय करावं — दोन्ही हात मांडीवर उताणं ठेवलं आन् म्हनले, "माझंच हात वलं हुतं. मोरीवरनं तसाच येऊन बसलो." मी उठून चुलीकडं गेले. पाण्याचं सांगायचं तर ऐकलं ते बी सांगावं लागतंय ना? तवापासनं ते कशाला हात लावत न्हाईत. भाकरी मोडत न्हाईत, मी मोडून द्यायची. पेला दिला तर म्हनत्यात, तू धर, माझ्याकडनं सांडंल. केसाएवढं बोटानं वळखणारा माणूस वो! काल गुरुवार असून दौंडला गेले न्हाईत, सोमवारचं इचारायला सरांचा फोन आला, त्यो बी उचलला न्हाई. मी म्हनलं, मशीन दौंडला दुरुस्तीला नेते. तर म्हनले, "ने. आन् सरांना देऊनच ये."

काय? बोर्ड गेला? — गेलाच? काय बी करून...? मंग उरलं काय? डिस्क? डिस्क जिती हाय म्हंजी आतलं लिवलेलं सगळं — हिकडं दुसऱ्या मशीनीत बसंल? रविवारपातूर? आन् बाई तीच बोलंल? त्याच स्पीडनं? बगा हां, पाया पडते तुमच्या. आन् दादा, एक करा, लावलीच हाय डिस्क तर — मंगळवारचं ते पत्र तेवढं काढून टाका. त्यांना कळायच्या आधी. कुठलं म्हंजी? एकच आसंल की. मला वाचता येतं, वळवा हिकडं. "पाव्हणं १"... "पाव्हणं २"... हे सगळं काय हाय? नऊ? आन् ह्या तारखा? पहिलं एप्रिलचं. एप्रिलात तर बोटं धड चालत न्हवती — चार ओळींना दिवस गेला आसंल. जूनमधी दोन. ह्या तारखेला आमी शिरूरच्या बाजारात गेलतो, मला बांगड्या घेतल्या ह्यांनी, हातानं माप काढून. आन् घरी येऊन हे लिवलं? मल्हारीदादाकडं तर एक बी आलं न्हाई. आलं आसतं तर दुसऱ्या दिशी दारात उभा राह्यला आसता त्यो, मला ठावं हाय. आन् ह्यांना धाडता येत न्हाई असं बी न्हाई, नोकरीचा अर्ज त्यांनीच धाडला की, याच मशीनवरनं. म्हंजी नऊ बार मला घालवायचं ठरवलं आन् नऊ बार...

न्हाई, उघडू नका. शेवटचं बी नको. राहू द्या. पुसू बी नका, त्यांचं हाय ते. शेवट काय हाय त्यो मला त्यांच्याच त्वांडानं ऐकायचाय, त्या बाईच्या न्हाई.

थांबा. फोन लावते... उचलत न्हाईत. फोनला बी हात लावत न्हाईत आता. परत लावते. वाजतोय... वाजतोय...

आवो. मी, प्रतिभा. न्हाई, दौंडला न्हाई, शिरूरला हाय. न्हाई दिली, हाय माझ्यासंगट. आवो, फोन ठेवू नका, ऐका — तुमचं हात — तुमच्या हाताचं पाणी न्हवतं ते —

दादा, तुम्ही जरा भाइर थांबता का?