सतराव्या फाइलीतली सगुणाबाई

…नाही, पण तुम्हीच सांगा मला, रिटायर झालेल्या माणसाने काय करावं? फिरायला जावं, हास्यक्लबात जाऊन खोटंखोटं हसावं, आमच्या नेऱ्याला बिल्डिंगच्या मागे अजून म्हशी आहेत, त्या बघत उभं राहावं… पण कानाला हेडफोन लावून परक्या बाईचं बोलणं ऐकत बसावं का? रोज दुपारी? जेवण झाल्या झाल्या? आणि ऐकायचं तर ऐका बापडे, तिला उत्तरं कशाला द्यायची? मी आपली भाजी निवडतेय आणि आतून ह्यांचा आवाज, 'हं… हं… मग?' मी म्हटलं, कोणाशी बोलताय हो? तर म्हणे, 'कोणाशी नाही, सगुणाबाईंशी.' घ्या!

तुम्हाला सांगते, आमचे हे, म्हणजे शरदचंद्र, छत्तीस वर्षं वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. चुका काढणं हाच धंदा. लग्नाची पत्रिका आली की आधी लाल पेन, मग मुहूर्त! भाजीवाल्याच्या पाटीवरची 'कोथींबिर' दुरुस्त केल्याशिवाय जुडी घेणार नाहीत. आणि अशा माणसाला गाठलं कोणी, तर वरच्या मजल्यावरच्या किमयाने. ती पीएच.डी. करते. मूल घरात एक बोलतं, शाळेत त्याला दुसरं बोलायला लावतात, मग मधल्या मध्ये त्या मुलाचं काय होतं, असा काहीतरी विषय. त्यासाठी ती मुळशीतल्या गावागावांतून बायकांचं बोलणं रेकॉर्ड करून आणते. ते ऐकून कोणीतरी कागदावर उतरवायचं, आणि पुढे मास्तरांच्या ट्रेनिंगला वाचून दाखवायचं, ऐकवायचं. हे म्हणाले, 'मी देतो की उतरवून.' ती म्हणाली, 'पण काका, नियम एकच. जसं बोललं तसं लिहायचं!'

झालं! पहिल्या दिवशी ह्यांना घाम फुटला. बाई म्हणते 'न्हाई', ह्यांचा हात लिहितो 'नाही'. खोडलं. बाई म्हणते 'हाय', हे लिहितात 'आहे'. खोडलं. किमया येऊन बघायची, 'काका, काका, जसं बोललं तसं लिहायचं!' खोकला तर खोकला. थांबली तर किती सेकंद थांबली ते लिहायचं. ढेकर दिला तर… नको, जेवायच्या वेळी नको.

पण सोळा बायका झाल्या आणि सतराव्या फाइलीत ही आली. ताम्हिणीची सगुणाबाई. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिचा आवाज कसा सांगू तुम्हाला? पत्र्यावर पाऊस वाजतोय आणि त्याच्या खालून कोणीतरी हळूच पाट सरकवतंय, असा. एकदा हेडफोनची वायर सुटली होती, मला माहीत नव्हतं, दुपारची जरा पडले होते, आणि बाहेरच्या खोलीतून, 'च्या घेतीस का गं?' मी झोपेतच म्हटलं, नको, आत्ताच झाला! …आणि मग जागी झाले. उठून बघते तर खोलीत कोणी नाही. हे खुर्चीत, डोळे मिटलेले, आणि ती बाई आपली घरभर बोलतेय. अंगावर काटा आला माझ्या. म्हटलं, ही फाइल नव्हे, ही राहायला आली.

आणि मग एका दुपारी ह्यांनी हेडफोन काढून ठेवले ते चार दिवस हात लावला नाही. पेपरात 'मुख्यमंत्रि' छापलं होतं, ऱ्हस्व! मी मुद्दाम दाखवलं. हे म्हणाले, 'असू दे.' असू दे?! मी घाबरलेच हो. म्हटलं, आता मुलाला, ऋषिकेशला, ऑफिसातून बोलावून घ्यावं. पण आधी ते हेडफोन मी माझ्या कानाला लावले.

झालं होतं असं, की किमयाला फोन करायचा होता, ताम्हिणीत रेंज नाही, म्हणून ती घाटाच्या वळणापर्यंत गेली आणि यंत्र तसंच चालू राहिलं. अकरा मिनिटं. आणि त्या अकरा मिनिटांत ही म्हातारी एकटी बोलतेय. कोणाशी? तर मुलाशी. जयसिंग त्याचं नाव. तो तीन वर्षांपूर्वी ठाण्याला कचेरीत बसल्या जागी गेला.

'ज्यासिंगा… आता बोलते बग. आता कोन मास्तर न्हाई हितं. तू चौथीत व्हतास तवा मास्तर म्हनला, बाई, घरात शुद्ध बोलत जा, न्हाईतर पोरगं वाया जाईल. मला कुटलं शुद्ध येतंय? मंग मी गपच ऱ्हायले. तीन वर्सं. हातानंच दावायचं, जेव, नीज, चल. तुजी जीभ बाटू नये म्हनून. तू शिकलास. साहेब झालास. दिवाळीला यायचास, म्हनायचास, बरं आहे ना? मी म्हनायची, हां. झाली दिवाळी… एकदा तू इचारलंस, आये, आभाळ का गरजतं? मी हातानंच गप केलं तुला. मला बी ठाव न्हाई बाबा का गरजतं. पर काय तरी सांगाया पायजे व्हतं.'

मी हेडफोन काढले. मागे हे उभे.

आता तुम्हाला एक सांगते, हसू नका. माझ्या सासूबाई करमाळ्याकडच्या. साध्या, खेडवळ. आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा ह्यांच्या ऑफिसातली माणसं घरी बसलेली, आणि त्या म्हणाल्या, 'पानी देऊ का?' ह्यांनी सगळ्यांसमोर, हसत हसत, 'आई, पानी नाही, पाणी.' सगळे हसले. त्याही हसल्या हो! पण त्यानंतर चार माणसांत त्या बोलल्या नाहीत. पाणी हवं असलं की माझ्याकडे बघून हाताने पेल्याची खूण करायच्या. आठ वर्षं. मला वाटायचं, वयामुळे.

मी हेडफोन काढले तेव्हा ह्यांनी एवढंच विचारलं, 'तुला आठवतं?' मी म्हटलं, नाही. खोटं बोलले. काय करू?

तेवढ्यात किमया आली, ऐकलं आणि उडालीच. 'काका! खजिना आहे हा! अख्खं प्रकरण उभं राहील! जसं बोललं तसं…'

'नाही,' हे म्हणाले. 'ती तुझ्याशी बोलत नव्हती.'

'पण फॉर्मवर अंगठा आहे ना त्यांचा!'

'अंगठा मुलाखतीला दिलाय. हे ती मुलाशी बोलते आहे. तिला विचारल्याशिवाय एक अक्षर लिहिणार नाही मी.'

किमयाचा चेहरा एवढासा झाला. महिन्याभरात तिला प्रबंध द्यायचा होता. पण पोरगी गुणी, म्हणाली, 'चला मग. विचारू.' आणि निघालो तिघं तिच्या गाडीतून, त्या पावसात, पुढचं काही दिसत नाही, मला गाडी लागलेली, हे मांडीवर कोरा कागद घेऊन बसलेले, जसं काही परीक्षेला निघालेत.

सगुणाबाई दिसायला एवढीशी. चुलीपुढे बसलेली. किमयाने चाचरत सांगितलं, आजी, त्या दिवशी यंत्र चुकून चालू राहिलं, तुम्हाला माहीत नव्हतं…

'मला ठाव न्हाई?' म्हातारी फिसकारली. 'त्यो तांबडा दिवा काय मला दिसत नव्हता व्हय? आंधळी हाय का मी?'

'मग… तरी का बोललात?'

'तूच म्हनलीस ना, हे मास्तर लोकांस्नी ऐकवनार? मंग ऐकू द्या की! आनी…' ती थांबली. किती सेकंद, ते मी मोजलं नाही. 'आनी आतून कोन तरी ऐकत व्हतं. मला कळत व्हतं. शप्पत.'

मग तिने ह्यांच्याकडे बघितलं. कोणी ओळख करून दिली नव्हती हो अजून! म्हणाली, 'तूच काय रं त्यो?'

आणि तुम्हाला सांगते, छत्तीस वर्षं लोकांच्या वेलांट्या सरळ करणारा हा माणूस, चाळीस वर्षांत 'हो'च्या जागी कधी दुसरा शब्द तोंडातून न काढलेला, चुलीपुढे बसला आणि म्हणाला, 'व्हय.' मग रडला. तिने त्यांना पेल्यातून पाणी दिलं. 'पी,' म्हणाली. तोंडाने म्हणाली.

लिहिलं सगळं, तिच्याच सांगण्यावरून. किमयाचा प्रबंध वेळेत गेला. मास्तर लोकांना ते ऐकवलं तेव्हा एक मास्तर उठून बाहेर गेला म्हणे, परत आलाच नाही. बाकीच्यांनी चहा घेतला. असो.

माझं विचाराल तर, ते प्रकरण संपलं असं मला वाटलं होतं. कुठलं संपतंय! आता रोज संध्याकाळी म्हातारी छत्री घेऊन घाटाच्या वळणापर्यंत चढते आणि आमच्याकडे फोन करते. अर्धं वाऱ्यात जातं. ह्यांना कधीकधी 'ज्यासिंगा' म्हणते, आणि हे ओ देतात. मी एकदा म्हटलं, अहो, सांगा ना तिला तुमचं नाव. तर माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी कणीक मळायला निघून गेले.

परवा मात्र फोन माझ्याच हातात दिला ह्यांनी. पलीकडून पाऊस, वारा, आणि मग तो आवाज, 'सूनबाई, त्याचा आवाज बारीक झालाय. नाचनीची भाकर घालीत जा त्याला. आनी तू लई बोलतीस म्हनं?'

आता काय सांगू तुम्हाला! अहो, बायकांना उभ्या जन्मात एक सासू पुरते. मला बासष्टाव्या वर्षी दुसरी मिळाली… मी पदर सावरला, म्हटलं, 'चुकलं, आत्याबाई,' आणि नाचणी आणायला खाली उतरले.