मानेवरचा ठिपका

—हलू नको म्हटलं ना! मान खाली घाल. सुरी बाहेर फळीवर ठेवलीस? ठेवलीस. शहाणा आहेस. या उंबऱ्याच्या आत कुणी कुणाला हात लावायचा नाही — पुलावरचे असोत नाहीतर पुलाखालचे, गोंदून घ्यायला सगळे माझ्याकडेच येतात. उंबऱ्याबाहेर काय ते तुमचं तुम्ही बघा. हं, आता कानात नाव सांग. ज्याला मारलं त्याचं नाव सांगितल्याशिवाय ठिपका नाही. काय? परत सांग. काण्या? खालच्यांचा दादा, काण्या — तू मारलास? अरे वा, मोठाच हात मारलास की! दुखतंय? अजून सुई टेकली पण नाही रे.

वरचे-खालचे कसे झाले, माहितीये तुला? कुठून माहीत असणार! तुम्हाला मरायचं तेवढं कळतं, कशापायी ते नाही. अरे, पुलाखाली टायरचं एकच दुकान होतं, आणि त्यात दोघं — माझा नवरा आणि हा काण्या. तेव्हा त्याचे दोन्ही डोळे धड होते. एका ताटात जेवायचे, मीच वाढायची ना! आणि फाटलं कशावरून? जॅकवरून. ट्रक उचलायचा जॅक गायब झाला — तू चोरलास, नाही तू चोरलास — आमच्या ह्यांनी रागाच्या भरात पहार फेकली, त्याचा डोळाच गेला. झालं! हे पुलावर आले, तो खाली राहिला, दोघांनाही चार-चार टाळकी मिळाली. आणि जॅक? मागच्या गटारात सापडला नंतर. मी दोघांनाही नेऊन दाखवला. पण तोवर मुडदे पडले होते, मग जॅक कोण बघतो?

मग एक दिवस ह्यांना कुणीतरी भोसकलं. आतडी हातात धरून घरी आला माझा माणूस, उंबऱ्यात बसला, पाणी दे म्हणाला — मी तांब्या आणेपर्यंत संपलं सगळं. कुणी मारलं? कुणास ठाऊक. ठिपका घ्यायला कुणी आलंच नाही. किती वर्षं वाट बघितली मी! पण जित्याची खोड... मारलं आणि मानेवर दिसलं नाही, तर तुम्हा लोकांना ते वायाच गेल्यासारखं वाटतं ना? काण्यालाही शेवटी राहवलं नाही. म्हातारा होऊन आला, याच खुर्चीत बसला, आणि माझ्या कानात माझ्याच नवऱ्याचं नाव! वहिनी म्हणाला, राग धरू नको, पण मरताना मानेवर असू दे. मी गोंदला की! असा गोल उतरला, काय सांगू — ओलाच होता अजून, पहार बसली तेव्हा शाई आणि रक्त एकत्रच —

काय झालं? मान का ताठ केलीस?

हं. बोलून गेले. हो, मीच. ह्यांचीच पहार, त्या कोपऱ्यात असते ती. मागच्या दारानं ओढत नाल्यात लोटला, हात आठ दिवस वर होत नव्हते. उंबऱ्याच्या आत मारलं, नियम मोडला मी. पण तू कुणाला सांगणार? 'वहिनीनं मारलं' म्हणायचं, तर आधी 'मी नाही मारलं' म्हणावं लागेल — आणि खोट्या ठिपक्याला काय करतात ते ठाऊक आहे ना? मानेचं कातडं सोलतात, ठिपक्यासकट, तुमचेच लोक, जिवंतपणी. मागच्याची किंकाळी इथवर आली होती. आयत्या बिळावर नागोबा व्हायला कुणी सांगितलं होतं तुला? नाल्यात मढं दिसलं आणि आपल्या नावावर खपवायला निघालास! कीव येते रे मला तुझी, खरंच येते. पण खालचे मला रोज विचारत होते, वहिनी, काण्याचा ठिपका घ्यायला कुणी आलं का, कुणी आलं का. आला की तुम्हाला आत बोलावते, म्हटलं होतं मी. मला तरी कुणीतरी हवाच होता.

रडू नको, सुई हलते. हां — झाला. शाई आत गेली, आता ती निघायची नाही. अंहं, कॉलर वर नाही करायची, ठिपका झाकायचा नसतो, नियम तुमचाच आहे. ऊठ. आणि बाहेर फळीजवळ बाकावर दोघं बसलेत ना — हो, खालचेच, पुढचा नंबर त्यांचा आहे — जाता जाता सांग त्यांना, वहिनीनं आत बोलावलंय.