व्याह्यांकडची व्हॅन

आमी पळसदरीचे, बापजाद्यापासून भातशेतीवाले. पण धरणावर शनिवार-रविवार पावणे यायला लागले, तसं माझ्या डोक्यात आलं की एक जुनी व्हॅन घ्यावी आन त्यांना स्टेशनावरून फार्महाऊसवर सोडावं. आता काय सांगू तुम्हाला, माझे व्याही, म्हंजे आमच्या सारिकाचे सासरे, खालापूरला जुन्या गाड्यांचाच धंदा करतात. घरचा माणूस सोडून बाहेर कुठं जायचं?

गेलो. संगती शंकर मेकॅनिक नेलेला, त्याला मी गेटाबाहेरच थांबवला. म्हटलं, शंकऱ्या, बॉनेटला हात लावशील तर खबरदार, लेक दिलीय या घरात. आत मला टॉवेल-टोपी, पेढा, हार, फोटो, मी आपला नवरदेवासारखा फुगलेला. व्याही पावती लिहायला बसले, तर मीच त्यांचा हात धरला, म्हटलं, दादा, आपल्यात पावती? लाज आणता का! असा बोललो हो, की चार माणसांनी मान डोलावली.

आठव्या दिवशी धरणाच्या चढाला गाडी बसली ती बसलीच. शंकरनं सीट उचकटली तर खाली वाळलेला चिखल. म्हणाला, काका, ही पुरात बुडालेली हाय, इंजिन गेलं. व्याह्यांना फोन केला तर म्हणाले, तुमी दामटली असेल. मी तापलो, म्हटलं, मग वकीलच बघतो.

कर्जतच्या वकीलबाई म्हणाल्या, ते धंदा करतात ना, मग ग्राहक आयोगात तक्रार होते, दोन वर्षांच्या आत करायची, आधी नोटीस धाडू, मेकॅनिकचं लेखी आणा. पावती कुठाय? मी पंख्याकडं बघितलं. बरं, म्हणाल्या, पैसे बँकेतून गेलेत, त्याच्यावर भागवू, करा सही. पेन हातात घेतलं आन सारिकाचा फोन. बाबा, तुमी वकिलाचं बोललात तेव्हापासून या घरात माझ्याशी कुणी बोलत नाय, आन मला सातवा लागलाय.

पेन ठेवलं. काय करणार?

परवा व्याही स्वतः तिला पहिल्या बाळंतपणाला सोडायला आले, त्यांच्या गारगार गाडीतून. अंगणात व्हॅन, वर कोंबड्या. म्हणाले, काय हो, गाडी उभीच? म्हटलं, तुमची आठवण म्हणून जपलीय. ते खदखदून हसले, मीपण हसलो.

वकीलबाई फोन करतात, काका, मुदत चाललीय. मी उचलत नाय. पोरीची सुखरूप सुटका होऊ दे, मग बघू, म्हणतो खरा. पण बघणार काय, बाळाला घेऊन ती त्याच घरात जाणार.