राणीची जागा

सोयराबाई बेळगोळच्या बसची वाट बघत होत्या. शेजारच्या मायलेकींचं बोलणं कानावर पडत होतं.

“दसऱ्याला घरी पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या बघायला बायका येतील. जावई कुठं म्हणून विचारलं, तर सेपरेट राहतात म्हण.”

“सेपरेट नाही, आई. डिव्होर्स झालाय.”

“अय्यो, सेपरेट म्हटलं की लोकांना वाटतं, येईल परत.”

“म्हणूनच म्हणणार नाही.”

“आणि लग्नात दिलेली राजाराणीची लाकडी जोडी? ती कशी मांडणार गं?”

“राजा त्याच्या घरी पाठवून दिला. राणी मांडणार.”

“एकटी?”

“एकटी.”

बस आली. सोयराबाई उठल्या नाहीत. आई लेकीला म्हणाली,

“मग कोपऱ्यात ठेवू नको तिला. वरच्या पायरीवर, मधोमध बसव. विचारणारीला डिव्होर्स म्हणून मीच सांगते.”