सात बाटल्या

—नाही हो काकू, ताप-बीप काही नाही, पळताना पडली. धाकटी बहीण माझी. बेचाळीस किलोमीटरची शर्यत — सकाळी घरातून हसत निघाली आणि आता आत पडलीय, मला ओळखत नाही. मला! आई गेल्यावर हिच्या वेण्या मी घातल्या, आणि मघाशी म्हणते, ‘बाई, तुम्ही कोण?’

गेल्या वर्षी उन्हाने चक्कर येऊन पडली होती ना, तेव्हा बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत — तू बरोबर होतीस, पाणी का नाही दिलंस? म्हणून या वेळी स्कूटर घेऊन मी मागेच. प्रत्येक चौकात गाठायचं आणि बाटली पुढे करायची. ‘ताई, तहान नाही गं.’ नसू दे, पी. ‘ताई, पोट डचमळतंय, अंगठी बघ कशी रुततेय.’ बोटं टम्म फुगलेली. मी काय केलं? ओरडले. बाबांची शपथ घातली. प्यायली बिचारी — माझ्यासाठी प्यायली. सात बाटल्या, काकू. लिटर-लिटरच्या.

मग उलटी, मग बडबड, मग झटका.

हे बघा, आत्ता तिच्या पिशवीत सापडलं, शर्यतवाल्यांचं पत्रक — ‘तहान लागेल तेवढंच प्या. पाणी फार झालं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, मेंदूला सूज येते.’ आठ दिवस घरात पडलं होतं हे. मी वाचलं? नाही वाचलं.

डॉक्टरांना सांगितलं का? त्यांनी विचारलं की — पाणी किती प्यायली? बाबा शेजारीच उभे होते हो. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘घोटभर. ऐकतच नाही ती कुणाचं.’ तिच्यावरच ढकललं! ते म्हणाले, मग अंगातलं पाणी आटलंय, सलाईन लावा, जोरात सोडा. रक्ताचा रिपोर्ट यायला अजून तास आहे. तोवर कळेलच ना त्यांना? आपोआप कळेल. डॉक्टर आहेत ते, त्यांना कळत नाही का—

असं काय बघताय? तासाभराने काय होतंय... तुम्ही कुठे निघालात? काकू, नको! तुम्ही नका सांगू. बसा. बाबा तिथे दाराशीच आहेत — असू देत. ऐकू देत त्यांनाही.

सिस्टर! अहो सिस्टर, ती सलाईन थांबवा आधी — मी मघाशी खोटं बोलले.