ताडपत्रीचा टाका

सुमंगला : नाही म्हणजे नाही. आज मी खोटं बोलणार नाही. विहीणबाई दारात पोचायच्या आत तुमचं तुम्ही ठरवा.

कृष्णनाथ : अगो, हळू बोल. जनेल उघडा आसा.

सुमंगला : असू दे खिडकी उघडी. ऐकू दे सगळ्या मये गावाला. माझ्या नवऱ्याने वर्षभर गोधड्या शिवल्या, चोऱ्या नाही केल्या.

कृष्णनाथ : चोरी केली असती तर बरा झाला असता. पोलीस घेवन गेले असते, पण लोक हसले नसते.

सुमंगला : कोण हसतंय तुम्हाला?

कृष्णनाथ : तुका काय म्हायत! तू सकाळी अंगणवाडीत जातंस. खाणी बंद पडल्यापासून आमी डायव्हर तिठ्यार बसान असतो. परवा आमच्यातल्या बाबलीन सांगल्यान, कोणाचो तरी घोव घरात भांडी घासता म्हणान. सगळे पोट धरून हसले. मी पण हसलंय. भांड्यांचा असा, तर सुयेचा काय करतीत? जन्मभर खनिजाचो ट्रक चालवलेलो माणूस मी.

सुमंगला : म्हणून त्या ट्रकच्या केबिनमध्ये बसायचं, काचांना टॉवेल लावून? शेजारची शालिनी मला विचारते, ट्रक तर अंगणातून हलत नाही, मग तुझा नवरा रोज दुपारी आत काय दुरुस्त करतो गो?

कृष्णनाथ : गिअर म्हणान सांग.

सुमंगला : वर्षभर एकच गिअर!

कृष्णनाथ : हसतंस काय? सुरुवात तूच केलंस.

सुमंगला : मी? तुम्ही ट्रकची ताडपत्री शिवत होतात. मी एवढंच म्हटलं, हातात दाभण आहेच तर आईची गोधडी उसवलीय, तेवढी बघा.

कृष्णनाथ : मगे हात थांबाना. काम नसला की हात खावक येतत गो. सुई धरली की जरा बरा वाटता. कोणासाठी शिवतंय ता माणूस डोळ्यांसमोर येता, बाकीचा सगळा इसरूक होता.

सुमंगला : तेच तर म्हणते मी! आईचे गुडघे गारठतात म्हणून तिथे तुम्ही दोन थर जास्त घातलेत. मी तिच्या पोटची, मला कधी सुचलं नाही. आणि ती तिकडे इब्रामपूरला सांगत सुटलीय, माझ्या सुमंगलेच्या हातात काय जादू आहे! माझ्या हातात! शाळेत शिवणाच्या तासाला बाई मला पाणी भरायला पाठवायच्या.

कृष्णनाथ : आवशीक बरा वाटता ना? मगे वाटूंदे.

सुमंगला : मला वाटत नाही बरं. अंगणवाडीतल्या पोरांची बसकुरं, वन्संची पिशवी, आपल्या ताराच्या बाळाची दुपटी, कुंची. जो येतो तो माझे हात धरतो. ते कौतुक माझ्या घशाखाली उतरत नाही. अहो, मला तुमचा अभिमान वाटतो. इतका वाटतो की कोणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि तुम्ही माझ्या तोंडाला कुलूप घातलंय. ताराला तर शपथच घातलीत.

कृष्णनाथ : ...आजचो दिवस जावंदे. तारा नातवाक घेवन सासरी गेली की बघूया.

सुमंगला : आजच तर अडचण आहे. विहीणबाई कापड घेऊन येतायत. फोनवर म्हणाल्या, तुमच्याच हातची गोधडी हवी, आणि पहिला टाका माझ्यासमोर घालायचा.

कृष्णनाथ : पयलो टाको? तुझ्या हातान? अगो, तुका तर...

सुमंगला : मला तर काय? बोला ना.

कृष्णनाथ : दोऱ्याक गाठ मारूक येणा नाय.

सुमंगला : बघा म्हणजे. आता तुम्हीच काय ते... अहो, रिक्षा थांबली वाटतं. शर्ट घाला. आणि ते सुई ढकलायचं तळहातावरचं चामडं काढा आधी!

गंगाबाई : येऊ का हो विहीणबाई? कुठे गो माझा नातू? झोपला? झोपू दे, झोपू दे. ताराला पण उठवू नका, बाळंतिणीला दुपारची झोप हवी. संध्याकाळी मुलगा गाडी घेऊन आला की निघू आम्ही. हे घ्या, घरचे काजूगर. व्याही, बरे ना?

कृष्णनाथ : बरा आसा. बसा, ही कदेल घ्या.

गंगाबाई : खुर्ची नको बाबा, कंबर धरते. मी आपली खालीच बसते. विहीणबाई, तुमच्या गोधडीने मला बिघडवून ठेवलंय. चष्म्याला खिसा! पूर्वी पहाटे उठले की अर्धा वेळ चष्मा शोधण्यात जायचा. कसं सुचलं हो तुम्हाला?

सुमंगला : मला... नाही, मला नाही सुचलं.

गंगाबाई : बघा, किती तो विनय! सगळ्या कोरगावात दाखवून झाली माझी. आणि टाका कसला घट्ट! माझ्या जावेला कुणाचं चांगलं बघवत नाही, तिने ओढून बघितला. हलला नाही.

कृष्णनाथ : खरा? जोरान ओढल्यान?

सुमंगला : तुम्हाला काय करायचंय? पेपर वाचा तुमचा.

गंगाबाई : विचारू दे की. बायकोचं कौतुक कोणाला नको? आता हे बघा, हे आणलंय. सोडा ते गाठोडं.

सुमंगला : धोतरं?

गंगाबाई : ह्यांची. दिवाळी झाली की वर्षश्राद्ध येईल. इतके दिवस पेटी उघडायला धीर झाला नाही. मुलगा म्हणतो, कोणालातरी देऊन टाकूया. द्यायची कशी हो? हात लावा, धुऊन धुऊन कशी मऊ झालीत. नातवाचं तोंड बघायचं राहिलं त्यांचं. म्हटलं, मांडी नाही तर नाही, आज्याच्या कापडात तरी झोपेल पोर. पण भलत्याच्या हातात मी ही देणार नाही. तुमच्याच हातात देणार. सुरुवात तेवढी माझ्यासमोर करा, म्हणजे मला समाधान.

सुमंगला : विहीणबाई, माझं ऐका जरा... अहो?

कृष्णनाथ : मी... मी चाय ठेवतंय.

गंगाबाई : चहा मागाहून, व्याही. बसा तुम्ही. विहीणबाई, तुम्ही गप्प का? मन होत नाही का? गेलेल्या माणसाचं कापड, लहान बाळाच्या अंगावर नको, असं वाटतं? तसं असेल तर सरळ सांगा. मी बांधून परत नेते.

सुमंगला : छे छे, देवाशपथ तसं नाही हो! असं मनात पण आणू नका. आणा, आणा इकडे. सुई आहे माझ्याकडे.

(सुमंगला धोतरांचे थर मांडीवर घेते आणि सुई खुपसते.)

गंगाबाई : दोऱ्याला गाठ मारायची राहिली हो तुमची.

सुमंगला : हो.

गंगाबाई : आणि टाका एवढा लांब? माझ्या गोधडीवर तर तांदळाएवढे आहेत.

सुमंगला : जरा... जरा सवय मोडलीय.

कृष्णनाथ : ओढू नको!

सुमंगला : अं?

कृष्णनाथ : दोरो ओढू नको गो! झिरझिरीत झालेला धोतर ता, चिरतला मेले! आणि आधी कच्चे टाके खय? असे सरकतले थर, मगे गोधडी मधीच पोट काढतली. ऱ्हवंदे, ऱ्हवंदे. दी हय ती सुई. दी म्हणतंय ना!

गंगाबाई : व्याही?

कृष्णनाथ : आधी मधी धरूचा. मगे मधल्यासून कडेक जावचा, म्हंजे चुणी भायर पडता. सुई अशी आडवी घालूची, दोरो नुसतो टेकवचो. ताडपत्रेक ओढूचो लागता, ह्येका नाय. ह्या कापाड म्हाताऱ्या माणसासारख्या, हात धरूचो, खेचूचो नाय...

गंगाबाई : ...हाच तो टाका. विहीणबाई, माझ्या गोधडीवरचा हाच.

सुमंगला : हो. त्यांचाच. सगळं त्यांचंच. तुमची गोधडी, चष्म्याचा खिसा, बाळाची कुंची. मी एक टाका घातलेला नाही. आज घातला, तो तुम्ही बघितलात.

गंगाबाई : म्हणजे इतके दिवस मी गावभर खोटं सांगत फिरले?

सुमंगला : आमच्यामुळे. चुकलं आमचं.

कृष्णनाथ : तिचा काय चुकला नाय. तिका मीच गप केलंय. माका लाज वाटली. खाणी बंद, ट्रक दारात कुजता, बायलेच्या जिवार जेवतंय, आणि वर बायलांसारखो सुई घेवन बसलंय. असा म्हटला असता ना लोकांनी? तुमका फसवचा नाय होता. ताराच्या डोहाळजेवणाक तुमी इलात, तेवा सगळ्या घरात चष्मो शोधीत होतात, आणि तो तुमच्या पदरात होतो. ता माझ्या मनात रवला. म्हणान खिसो केलंय.

गंगाबाई : ...राग आला हो मला. नाही कशाला म्हणू?

सुमंगला : येणारच.

गंगाबाई : आता गेला. व्याही, थांबू नका, शिवत रहा. मी सांगते ते ऐका. ह्यांना पेज करता यायची. नुसती नाही, अशी करायचे की जिभेवर ठेवावी. मी बाळंतीण होते, सासू तापट, मला वेळेवर खायला मिळायचं नाही. सगळे बागायतीत गेले की हे दार लावून पेज शिजवायचे, मला पाजायचे, भांडं स्वतः घासून पालथं घालायचे. सासूला कळू नये, भावांनी हसू नये. मला म्हणायचे, कोणाला सांगू नको गो. नाही सांगितलं मी.

सुमंगला : कधीच?

गंगाबाई : कधीच. ते गेले तेव्हा बारा दिवस माणसं येत होती. किती काजू लावले, देवळाच्या कामाला कसे उभे राहिले, सगळं बोलली. पेजेचं कोण बोलणार? माझ्याशिवाय कोणाला माहीत? मी तोंड उघडलं असतं तर म्हणाले असते, म्हातारी भ्रमली. माझा सगळ्यांत चांगला घोव मी एकटीने बघितला हो. बाकीच्यांनी दुसराच कोणीतरी स्मशानात पोचवला.

कृष्णनाथ : माका टाको दिसणा नाय.

गंगाबाई : डोळे पुसा व्याही, टाका चुकेल. मला एवढंच सांगा. कोरगावात ही गोधडी बघून विचारतील, कोणी केली. काय सांगू?

कृष्णनाथ : सुमंगले.

सुमंगला : काय हो?

कृष्णनाथ : ती हांतरी घे आणि सोप्यार घाल.

सुमंगला : चटई सोप्यावर? बाहेर ओसरीत?

कृष्णनाथ : हय उजेड कमी. जुन्या कापडाक उजेड बरो व्हयो.

सुमंगला : अहो, आता तिठ्यावरची सगळी मंडळी घराकडे परततील. रस्ता दारातूनच जातो. बाबली पण असेल.

कृष्णनाथ : असूंदे.

सुमंगला : आणि त्याने हाक मारली की तुम्ही हे सगळं माझ्या मांडीवर टाकून आत पळाल.

कृष्णनाथ : तू माझ्या बाजूक बस. मगे मी उठूचंय नाय.